लाबानाच्या घरचा पाहुणा

शास्त्रपाठ : उत्पत्ती २९:१३-३०, ३१:३८-५०, लेवीय १९:३३-३६, मत्तय १०:१६



परदेशी निघालेल्या मुलामुलींसाठी आपल्या मंडळ्यांतून प्रार्थना केल्या जातात. प्रवास सुखरूप व्हावा, नोकरी टिकावी, प्रकृती चांगली राहावी, अशी मागणी आपण करतो. एका संकटाचा उल्लेख मात्र या प्रार्थनांत क्वचितच येतो. नव्या देशात पाऊल ठेवणाऱ्याची वाट पाहणारे तेथे पुष्कळ असतात व त्यांतील काही जण त्याला लुबाडण्यासाठीच बसलेले असतात. हा विषय पोलिसांचा व वर्तमानपत्रांचा, उपासनेचा नव्हे, असे आपण धरून चालतो. पवित्र शास्त्र तसे धरून चालत नाही. परमुलखात गेलेल्या एका तरुणाची फसवणूक कशी झाली, याची हकिकत उत्पत्तीच्या पुस्तकाने तीन अध्याय खर्चून सांगितली आहे.

तो तरुण म्हणजे याकोब. घर सुटलेले, हातात पैसा नाही, भावाचा राग पाठीशी. अशा स्थितीत तो हारानास पोहोचला. मामा लाबान धावत आला, त्याने त्याला मिठी मारली, त्याचे मुके घेतले आणि तू माझ्याच हाडामांसाचा आहेस, असे म्हणून त्याला घरी नेले. हे स्वागत वाचताना चोविसावा अध्याय आठवावा. अब्राहामाचा सेवक आला तेव्हाही लाबान असाच धावला होता. परंतु त्याअगोदर त्याने बहिणीच्या अंगावरील सोन्याची नथ व हातांतील बांगड्या पाहिल्या होत्या, हे शास्त्रलेखक नमूद करावयास विसरत नाही.

लाबानाची रीत नीट पाहण्यासारखी आहे. प्रथम आपुलकी. मग महिनाभर पाहुणचार. त्यानंतर, नातेवाईक झालास म्हणून फुकट का राबशील, वेतन काय घेशील ते तूच सांग, असे औदार्याचे बोलणे. राहेलीसाठी सात वर्षे चाकरी करण्याचा करार ठरला. सात वर्षांनी मेजवानी झाली, रात्र पडली, आणि सकाळी पाहतो तो राहेलीच्या जागी लेआ. याकोबाने जाब विचारला तेव्हा लाबान शांतपणे म्हणाला की, थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही.

वाचकहो, येथे थांबा. ही रीत लाबानाला सात वर्षांपूर्वी ठाऊक नव्हती काय? ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या याकोबाला, कारण तो त्या मुलखात नवखा होता. परदेशात नव्या माणसाची फसवणूक होते तिचे मूळ येथे आहे. त्याला बुद्धी कमी असते म्हणून तो फसत नाही. तेथील रीत त्याला माहीत नसते, आणि ती सांगणारा एकच माणूस त्याच्याजवळ असतो. तो माणूस लाबान निघाला, तर सारे संपले.

हे लेखन मी जबलपुरातील गोरखपूर वस्तीतून करीत आहे. (उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध गोरखपूर ते हे नव्हे.) या वस्तीलगतच्या हाऊबाग स्थानकावर २०१५ पर्यंत गोंदियाकडून येणारी छोटी गाडी थांबत असे. त्या गाडीने आलेल्या मराठी माणसाला नवखेपण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय जबलपूर हे नाव फसवणुकीच्या इतिहासाशी निराळ्याच प्रकारे जोडलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम स्लीमन याने ठगांविरुद्धची मोहीम येथून चालविली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी त्या शतकाच्या चौथ्या दशकाअखेरीस येथे उद्योगशाळा निघाली. तीत ते तंबू व गालिचे विणीत. सरकारी कागदपत्रांत ठगांचे चित्र अतिरंजित झाले आहे, असे आज अनेक इतिहासकार म्हणतात व ते लक्षात ठेवलेच पाहिजे. तथापि स्लीमनने १८३६ साली ठगांच्या बोलीतील शब्दांचा जो संग्रह छापला, त्यात एका हुद्द्याचे नाव आहे : सोथा. वाटसरूशी गोड बोलून त्याचा विश्वास संपादन करणारा तो सोथा. वाट धोक्याची आहे, एकट्याने जाऊ नका, आपण सोबतीने जाऊ, असे तो म्हणे. संरक्षण देऊ करणाऱ्यापासूनच खरा धोका असे. ‘ठग’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील स्थग् म्हणजे झाकणे हा धातू आहे असे मानतात. आपण मराठीत ‘ठकविणे’ म्हणतो तेव्हा तेच म्हणत असतो : काहीतरी झाकून ठेवले होते.

आजचा सोथा दूरध्वनीवरून बोलतो. मी आयकर खात्यातून बोलतो आहे, तुमच्यावर वॉरंट निघाले आहे, तासाभरात रक्कम भरा, नाही तर देशाबाहेर घालवू, अशी धमकी तो देतो. अमेरिकेच्या कर खात्याने २०१३ साली अशा दूरध्वनींविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा नुकतेच स्थलांतरित झालेले लोक यात लक्ष्य होत असल्याचे स्पष्ट म्हटले होते. २०१८ साली वॉशिंग्टन येथील भारतीय दूतावासालाही असाच इशारा द्यावा लागला. दूतावासाचाच क्रमांक पडद्यावर दाखवून, पारपत्रात चूक आहे, ती दुरुस्त करण्यास पैसे भरा, असे सांगितले जात होते. आणि हे बोलणारे कोण? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण मुले अमेरिकन कर अधिकारी असल्याची बतावणी करून सातासमुद्रापलीकडील माणसांना धमकावीत होती. लाबान केवळ हारानात राहत नाही. तो आपल्या लोकलगाडीच्या मार्गावरही राहतो.

याहून हृदयद्रावक प्रकार म्यानमारच्या म्यावाडी भागातला. थायलंडमध्ये संगणकावरील चांगली नोकरी आहे असे सांगून भारतातील मुलांना नेण्यात आले, सीमेपलीकडे कोंडण्यात आले आणि त्यांच्याकडून इतरांना फसविण्याचे काम सक्तीने करून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना दोन दिवसांत परत आणले. फसविलेल्यालाच फसविणारा बनविणे, ही पापाची जुनी पद्धत आहे. मूळ इब्री शास्त्रात याकोब लाबानाला विचारतो, तू मला का ठकविले, तेव्हा जे क्रियापद वापरतो, त्याच धातूपासून झालेले नाम सत्ताविसाव्या अध्यायात खुद्द याकोबाविषयी इसहाकाच्या तोंडी आले आहे. तुझा भाऊ कपटाने आला, असे इसहाक एसावाला सांगतो. भाषांतरकाराला हा दुवा चटकन दिसतो. परंतु त्यावरून, फसला तो त्याच्या कर्माने फसला, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. परमेश्वराने याकोबाला तसे म्हटले नाही. लाबानाने केलेले सर्व मी पाहिले आहे, असे त्याने म्हटले (उत्पत्ती ३१:१२).

मग विश्वासणाऱ्याने काय करावे? प्रभू येशूने शिष्यांना अनोळखी गावी पाठविताना दोन प्राण्यांची नावे घेतली : साप आणि कबूतर. तेथे चतुर या अर्थी आलेला ग्रीक शब्द फ्रोनिमोस हा आहे. खडकावर घर बांधणारा मनुष्य आणि दिव्यांबरोबर तेल घेणाऱ्या पाच कुमारी यांनाही हेच विशेषण लाविले आहे. म्हणजे हे चातुर्य कपटाचे नसून आधी विचार करण्याचे आहे. कबुतरासाठी आलेला शब्द अकेराइऑस. त्याचा अर्थ भेसळ नसलेला. शुद्ध राहावे आणि डोळे उघडे ठेवावे, ही दोन्ही एकाच प्रभूची आज्ञा आहे. चौकशी करणे म्हणजे अविश्वास, असे मानणारी भाबडी भक्ती सुवार्तेत कोठेही शिकविलेली नाही.

या चातुर्याचे काही धडे याकोबाच्या चरित्रातूनच घेता येतात.

पहिला धडा : रीत आधी विचारा, आणि एकापेक्षा अधिक माणसांना विचारा. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, वा विश्वासू माणसाकडून पाहून घेतल्याशिवाय, अनामत रक्कम पाठवू नये. दूरध्वनीवर कोणी सरकारी अधिकारी म्हणून बोलू लागला, तर फोन ठेवून द्यावा, कार्यालयाचा क्रमांक आपण स्वतः शोधावा व त्यावर विचारावे. कर किंवा दंड भेटकार्डांच्या रूपाने मागणारे सरकार नसते. तशी मागणी झाली की बोलणारा भामटा आहे हे निश्चित समजावे. जो घाई करतो व कोणाला सांगू नका म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. लेआला आणले गेले ते अंधारात, हे विसरू नये.

दुसरा धडा : वेतन बदलणाऱ्यास ओळखा. लाबानाने दहा वेळा वेतन बदलले. आखाती देशांत गेलेल्या कामगारांचा हा परिचित अनुभव आहे. येथे एक करार, तेथे उतरल्यावर दुसरा. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाने १९८३ च्या कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि ती नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येते. अशा दलालाला कामगाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दोन लाख मागणाऱ्यासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी हा आकडा घरातील वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावा. पर्यटकाच्या व्हिसावर जा, तेथे गेल्यावर कामाचा करून देऊ, असे कोणी म्हटले तर तेथूनच परत फिरावे.

तिसरा धडा : ‘आपला माणूस’ या शब्दाचे वजन करा. ओळखीचा चोर जिवे न सोडी, असे आपले पूर्वज सांगून गेले. १९२० साली बॉस्टन येथे चार्ल्स पाँझी याने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आमिष दाखवून हजारोंना बुडविले. तो स्वतः इटलीहून आलेला स्थलांतरित होता, आणि त्याच्याकडे पैसे ठेवणाऱ्यांत त्याचे देशबांधव पुष्कळ होते. परदेशात मराठीचा एक शब्द कानी पडला तरी डोळे भरून येतात. त्यात तो बोलणारा उपासनेत शेजारी बसणारा असेल, तर हिशेब विचारणे जड जाते. तरीही विचारावा. प्रामाणिक बंधूला त्याचा राग येणार नाही.

चौथा धडा : लाजेने गप्प बसू नका. याकोबाने त्याच सकाळी जाब विचारला. फसलेला तरुण घरी कळवीत नाही, कारण आईने दागिने मोडून पैसे दिलेले असतात; आणि त्या मौनाचा फायदा घेऊन भामटा दुसरा हप्ता मागतो. बँकेला, पोलिसांना, दूतावासाला तत्काळ कळवावे. भारतात असल्यास १९३० या क्रमांकावर कळवावे. आणि आईवडील हो, मुलगा सांगू लागला तर पहिले वाक्य रागाचे नसावे. तो पहिल्याच वाक्याला गप्प झाला, तर पुढचे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता मंडळीकडे वळतो, कारण शास्त्राची मुख्य आज्ञा नवख्याला नाही, त्याच्याभोवतीच्या लोकांना आहे. इब्री भाषेत गेर म्हणजे परक्या ठिकाणी येऊन राहिलेला. मराठी भाषांतरांत त्यासाठी परदेशीय, उपरी असे शब्द आले आहेत. उपरी हा शब्द जुन्या मराठी मुलखात खेड्यापाड्यांचा होता. ज्याचे गावात वतन नाही, जो बाहेरून येऊन दुसऱ्याची जमीन कसतो, तो उपरी. लेवीय १९:३४ मध्ये परमेश्वर सांगतो की, अशा मनुष्यावर स्वतःसारखी प्रीती करावी. आणि पुढच्याच वचनात काय आहे? तराजू, वजने, मापे. प्रीतीची एवढी मोठी आज्ञा आणि लगेच बाजारातील मापांची गोष्ट, ही जोडणी अकारण नाही. खोट्या मापाने प्रथम कोण लुबाडला जातो? ज्याला गावचे माप ठाऊक नाही तो. उपऱ्यावरील प्रीतीची परीक्षा खऱ्या तराजूनेच होते.

म्हणून प्रत्येक मंडळीने, मग ती जबलपूरची असो, दुबईची असो वा टोरांटोची, नव्याने आलेल्याला पहिल्या रविवारी चहाबरोबर गावची रीत सांगावी. भाडे किती असते, करार कसा असतो, कोणत्या नावाने फोन येतात, हे सांगणे हीही सुवार्तेची सेवा आहे. आणि आपल्या घरातील मुलगा झटपट पैशाच्या नोकरीवर जात असेल, तर तो फोनवर कोणाशी काय बोलतो, हेही विचारावे. उपऱ्याला फसविण्याच्या पैशातून दिलेले दान वेदीवर शोभत नाही.

वीस वर्षांनी याकोब निघाला तेव्हा त्याने व लाबानाने दगडांची रास रचली. लाबानाने तिला आपल्या अरामी भाषेत यगर-सहदूथा म्हटले, याकोबाने आपल्या इब्री भाषेत गलेद म्हटले. दोन्हींचा अर्थ एकच : साक्षीची रास. बायबलचे भाषांतर करणाऱ्यांना हे वचन विशेष प्रिय वाटावे, कारण एकाच कराराची दोन भाषांतील दोन नावे येथे शेजारी शेजारी उभी आहेत. पहिला करार तोंडी होता, साक्षीदारावाचून होता. शेवटचा करार साक्षीने झाला, आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत समजेल असा झाला. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने हेच मागावे : जे ठरले ते कागदावर, साक्षीने, आणि मला समजणाऱ्या भाषेत.

हे प्रभू, आमची जी लेकरे परमुलखात आहेत त्यांना शुद्ध मन व उघडे डोळे दे. जे ठकले आहेत त्यांना बोलण्याचे धैर्य दे, आणि त्यांचे ऐकून घेणारी माणसे त्यांच्याजवळ ठेव. आमच्या हातांतील तराजू खरा ठेव. आमेन.