भोग आणि पायाच्या शिरा

पायाच्या शिरा निळ्या होऊन फुगल्या, संध्याकाळी पोटऱ्या भरून येऊ लागल्या, की त्या दुखण्याला आपल्याकडे ‘भोग’ म्हटलं जातं. सोसणाऱ्यानं स्वतःच्या दुखण्याला हा शब्द वापरला, तर त्याला हरकत घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवून तो उच्चारला जातो, तेव्हा त्याच्यामागे धर्माचं बळ उभं केलेलं असतं. धर्म खरंच त्याच्यामागे उभा राहतो का, हे तपासायला हवं.

पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचं काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली उतरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. माणूस तासन्‌तास एका जागी उभा राहिला, की पोटरीचा हा पंप थंडावतो आणि शिरेतला दाब चढलेलाच राहतो. तुंबलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी शिरेच्या अस्तराला चिकटतात आणि प्राणवायूचे अतिशय दाहक कण सोडतात. त्यांना आवरणारी शरीराची ताकद अपुरी पडली, की अस्तर, भिंत, झडप साऱ्यांना इजा होते. वैद्यक याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतं. दाबामुळे तांबड्या पेशीही बाहेर झिरपतात. त्यांच्यातलं लोह घोट्याजवळच्या कातडीत साठून काळपट डाग पडतो आणि तेच लोह पुन्हा नवे दाहक कण निर्माण करायला हातभार लावतं. ज्या प्राणवायूवर जगायचं, त्याचाच हा जाळ. घोट्यावरची महिनोन्‌महिने न भरणारी जखम तिथूनच येते.

यावर प्रारब्धवादी विचारील: एकाच दुकानात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या दोघींपैकी एकीलाच हा त्रास का? प्रश्न रास्त आहे. आनुवंशिकता, वय, बाळंतपणं यांचा वाटा मोठा असतो आणि त्यातलं बरंचसं कुणाच्या हातात नसतं. पण गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणं सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्या पाचांतलं एक आहे. उरलेली चार पुसून टाकायची परवानगी गीता देत नाही. सुश्रुतानंही शिरांच्या गाठींचं कारण सांगताना अशक्त माणसाच्या अतिश्रमांकडे बोट दाखवलं. तिथं त्याला पूर्वजन्म आठवला नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. हा स्ट्रेस आजाराचं मूळ की त्याचा परिणाम, हे विज्ञानालाही पुरतं ठरवता आलेलं नाही. काढून टाकलेल्या शिरा तपासायला मिळतात त्या बिघडल्यानंतरच. अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी निकामी झालेली झडप दुरुस्त होत नाही, हेही खरं. तरीही साखळी तोडायला तिची पहिली कडी सापडावीच लागते असं नाही. चालणं, पाय उंच ठेवून पडणं, घट्ट पायमोजे यांनी दाब उतरतो आणि दाब उतरला की पुढचा जाळ मंदावतो.

राहिला सांत्वनाचा मुद्दा. भोग मानल्यानं मन शांत होतं, ते का हिरावून घ्यायचं? इथं परभणी जिल्ह्यानं आपल्याच लेकीला विचारावं. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, सडासारवण हेच तिचं आयुष्य. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिला ‘हे तुझे भोग’ असं सांगत नाही. तो तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. तिला मिळालेलं सांत्वन कष्ट वाटून घेण्याचं आहे, आणि जनाबाईचा वारसा सांगणाऱ्यांवर हे बंधनकारक आहे असं मी मानतो. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानं सक्तीचं केलं. तोवर तिथंही दिवसभर उभं राहणं हा कामाचा भागच मानला जात होता. गंगाखेडच्या बाजारात कापडाचे तागे उलगडून दाखवणाऱ्या मुलीच्या मागे एक स्टूल ठेवायला तर कायद्याचीही वाट पाहायला नको.