बाळ कुणाच्या भाषेचं?



यावेळचा विषय आपल्यातल्याच एका घरातून आला. मुलगा बेळगुंदीचा, मराठी. सून बैलहोंगलकडची, कन्नड. लग्न दोन्ही घरांनी हौसेनं लावलं, तेव्हा भाषेचं कुणी काढलंसुद्धा नाही. बाळ झालं आणि सगळं एकदम निघालं. नाव कुठलं ठेवायचं, बाळाशी बोलायचं कशात, अंगाई कुणी म्हणायची, पुढं शाळा कुठली. सूनबाईंनी सत्संग संपल्यावर बाजूला येऊन विचारलं, "माझं बाळ कुणाच्या भाषेचं म्हणायचं?"

"दोन्हींचं" असं आम्ही म्हणणार, तेवढ्यात शेजारचे एक काका म्हणाले, "अहो, आत्म्याला कसली भाषा? एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून बसल्या नाहीत, हे आम्हाला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

काकांचं म्हणणं खोटं नाही. मार्कंडेय पुराणातली मदालसेची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. (राकसकोपचं पाणी ज्या नदीचं, तिचं नावही मार्कंडेयच. आपल्याला ही गोष्ट तशी जवळचीच.) राजानं पहिल्या मुलाचं नाव विक्रांत ठेवलं, मदालसा हसली. दुसऱ्याचं सुबाहू ठेवलं, तेव्हाही हसली. तिसऱ्यालाही हसली. आणि रडणाऱ्या तान्ह्याला तिनं सांगितलं की तू शुद्ध आहेस, तुला नाव नाही, हे नाव आत्ता कुणीतरी तुला चिकटवलंय. चौथ्या वेळी राजा म्हणाला, मग तूच ठेव की नाव. तिनं ठेवलं अलर्क. आता हसायची पाळी राजाची. हे कसलं नाव, याला काय अर्थ? तेव्हा मदालसा म्हणाली, तुम्ही ठेवलेल्या नावांना तरी काय अर्थ आहे? जो सगळीकडे भरलेला आहे तो पाऊल टाकून जाणार कुठं, मग विक्रांत कसा? ज्याला आकार नाही त्याला बाहू कुठले? नाव व्यवहारापुरतं, हाक मारायला.

म्हणजे नावावरनं नवरा-बायकोत बोलाचाली होणं आजचं नाही!

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग आपण बऱ्याचदा सोडून देतो. पहिली तिन्ही मुलं वैराग्याला लागली. चौथ्यालाही मदालसा तेच सांगू लागली, तेव्हा राजानं हात जोडले. याला तरी संसारातलं शिकव, घराणं बुडेल. आणि मदालसेनं ऐकलं. अलर्काला तिनं राज्य कसं करावं, घर कसं चालवावं हे सगळं शिकवलं. एवढी ज्ञानी बाई, पण मूल एकटीचं नाही हे तिनं मानलं.

दुसरं असं की तुला नाव नाही हे सांगायलासुद्धा तिला शब्दच लागले. आईच्या आवाजातले, आईच्या भाषेतले. आत्म्याला भाषा नसते हे वाक्य घरात कोण म्हणतो, याकडे जरा लक्ष ठेवून बघा. बहुतेक वेळा ज्याची भाषा त्या घरात चालते, तोच म्हणतो. ज्याला आपली भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून यावं लागलं, त्याच्या तोंडी हे वाक्य आम्ही अजून ऐकलेलं नाही.

आता सरकार काय म्हणतं ते बघू. जनगणनेच्या फॉर्ममध्ये मातृभाषेचा रकाना एकच. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, आणि तान्ह्या बाळाची तर आई जी बोलते तीच लिहायची, अशी २०११ च्या गणनेची सूचना होती. त्या हिशोबानं बेळगुंदीच्या मराठी घरातलं हे बाळ कन्नड! आजीला हे सांगायला आम्ही काही गेलो नाही. उलट २०१४ साली कर्नाटकातल्या शाळांच्या माध्यमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की मुलाची मातृभाषा कुठली, हे आईबाप किंवा पालक ठरवतील. बरोबर आहे. पण आई एक म्हणते आणि बाप दुसरं, तर काय, हा प्रश्न न्यायालयापुढं नव्हताच. तो घरातच सुटायचा.

घरात तो सोडवायची एक सोपी वाट हल्ली निघाली आहे. "मोठा झाला की त्याचा तो ठरवील." ऐकायला उदार वाटतं. आम्हाला ही पळवाट वाटते. जे पानात वाढलंच नाही, ते आवडतं का नाही हे कोण कसं सांगणार?

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या कॅनडातल्या अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्यांना त्यांनी हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांतल्या थोड्यांनाच कळला. वर्ष भरायच्या आत कान घरातल्या आवाजांपुरता बसायला लागतो. आपल्याकडचंच बघा. कन्नडात ऱ्हस्व ए वेगळा, दीर्घ ए वेगळा. आपण मराठी माणसं दोन्ही एकाच कानानं ऐकतो. आणि आपल्या 'चाक'मधला च वेगळा, 'चहा'तला वेगळा, तो तिकडच्यांना चकवतो. बाळाला या वयात दोन्ही कळतात. अभिमन्यूनं पोटात असताना चक्रव्यूहात शिरायचं ऐकलं, बाहेर यायचं राहिलं. राहिलेलं त्याला नंतर निवडता आलं नाही.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती आज्यांना असते, डॉक्टरांनाही कधी असते. गरोदरपणात दोन्ही भाषा बोलणाऱ्या आयांची नवजात बाळं दोन्ही भाषांकडं कान देतात आणि दोन्ही वेगळ्या ओळखतात, असं २०१० सालच्या एका अभ्यासात दिसलं. पण त्यासाठी कॅनडाला कशाला जायचं, धारवाड जवळ आहे. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. लिहिलं कन्नडात, १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलं, मराठीतही लिहिलं. आणि कन्नड कवितेसाठी टोपणनाव कुठलं घेतलं? अंबिकातनयदत्त. अंबिकेचा मुलगा दत्त. आईचं नाव.

काहीजण म्हणतात, कन्नड शाळेत येणारच आहे. खरं आहे, २०१५ च्या कायद्यानं इथल्या शाळांत ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. पण शाळेतली कन्नड पुस्तकातली असते. ताप आल्यावर कपाळावर हात ठेवून बोलायची कन्नड अव्वाजवळच असते. मराठीचंही तसंच. गावात येईल म्हणून बापानं घरी बोलायची नाही, असं कुणी म्हणत नाही.

आणि खरी अडचण पुढं आहे. एकच बाई तहसील कचेरीत गेली की तिची भाषा सरकारची. फलक तिचा, अर्ज तिचा. तीच बाई बेळगुंदीच्या स्वयंपाकघरात आली की एकटी. नवऱ्याचं नेमकं उलटं. घरात राजा, कचेरीत मराठी कागद मागून थकलेला. मोठा कोण आणि लहान कोण, हे उंबऱ्यागणिक बदलतं. म्हणून आमचं मत असं झालं आहे की घरात कन्नडची बाजू नवऱ्यानं आणि सासूबाईंनी घ्यावी, आणि बैलहोंगलला गेल्यावर मराठीची बाजू सुनेनं. आपली बाजू आपणच मांडायला लागली की ते भांडण होतं. दुसऱ्यानं मांडली तर मूल बघतं.

१ नोव्हेंबरचं काय करायचं? इकडं काळा दिवस, माहेरी राज्योत्सव. १९५६ पासूनची ही तारीख, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात. ज्याचं जे मत आहे ते असू द्या, आमचंही आहे. पण सूनबाई त्या दिवशी माहेरी फोन करत नाहीत, हे कळल्यावर आम्हाला वाईट वाटलं. मूल चार-पाच वर्षांचं झालं की विचारणारच, आज आई गप्प का? तेव्हा दोन्ही आज्यांनी आपापलं सांगावं, समोरच्या आजीला वाईट न म्हणता. एवढी अट पुरे.

दोन्ही आज्या मुळात घाबरलेल्या आहेत, असं आम्हाला वाटतं. नातू आपल्याशी बोलणारच नाही की काय, याला त्या भितात. भाषेचा अभिमान वरवरचा आहे. मग एकीनं दुसरीच्या भाषेतले दहा शब्द तरी शिकावेत. हालु म्हणजे दूध, नीरु म्हणजे पाणी. अण्णा आणि अक्का तर शिकायलाच नकोत, दोन्हीकडं तेच. फक्त 'ताई'ला सांभाळा. इकडं ती बहीण, तिकडं 'तायी' म्हणजे आई.

निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या लिंगायत आणि जैन घरांत अशी सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. त्या बाजूच्या गुरुबंधू-भगिनींना विनंती, तुमच्या घरात आजी पाळणा कुठल्या भाषेत म्हणायच्या ते कळवा. कुणाच्या आजी अजून म्हणत असतील, मराठी पाळणा असो नाहीतर कन्नड जोगुळ, तर आवाज रेकॉर्ड करून गावाच्या नावासह ग्रुपवर टाका. दोन मिनिटांच्या आतला असला तर सगळ्यांच्या फोनवर उघडतो.