पाकीट, शाल आणि खाडा

आधी हिशोब मांडतो, विचार मागनं करू.

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी आपल्याच लोकांनी साहित्य संमेलन भरवलं. मला परिसंवादात बोलायचं बोलावणं आलं. विषय होता 'श्रम आणि साहित्य'. मी सूतगिरणीत रिंगखात्यात ठेकेदाराकडं कामाला आहे. आमच्यात रजा नावाची चीज नाही. आलास तर रोज, नाही आलास तर खाडा. जाण्यायेण्यात दोन खाडे पडले. रोजाचे ४५० धरले तर ९०० गेले. एसटीला ४८० गेले. म्हंजे श्रमावर वीस मिनटं बोलण्यासाठी मी १,३८० रुपये भरले.

आमच्या परिसंवादाचे अध्यक्ष एक प्राध्यापक होते. त्यांचा पगार चालूच होता. त्यांना आणायला गाडी गेली, लॉजवर खोली होती, निघताना पाकीट मिळालं. मला शाल आणि नारळ. मी संयोजक दादांना प्रवासखर्चाचं विचारलं. दादा हसले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आरं, तू तर घरचा माणूस. चळवळीचं काम हाय हे."

मी गप्प बसलो. लाज वाटली. ती लाज माझी की त्यांची, याचा उलगडा रात्रभर एसटीत झाला नाही. तो करायला हे लिहितोय.

प्राध्यापकांवर माझा राग नाही. माणूस चांगला, बोललाही चांगला. दादांवरही नाही, त्यांनी वर्गणीसाठी दारोदार चपला झिजवल्या. प्रश्न माणसांचा नाही, रीतीचा आहे. चळवळीचं काम फुकट करावं की करू नये? आणि फुकट कुणी करायचं, हे कुणी ठरवायचं?

पहिलं उत्तर तोंडावरच येतं. फुकटच करावं. आपली चळवळ पगारावर वाढली नाही. जलसेवाले भाकरी बांधून गावोगाव गेले. बायांनी डब्यातले पैसे काढून वर्गणी दिली. त्यांच्यापुढं मी ४८० रुपयांचं तिकीट काय घेऊन बसलोय?

पण जरा थांबा. आपल्या बापजाद्यांनी फुकटचं आणखी एक काम केलंय. महारवतनाचं. सरकारी कागद पळत न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, पाटलाच्या हाकेला रात्री-बेरात्री उठायचं. आणि त्याला गाव काय म्हणायचं? वतन. हक्क. मान. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मागितली ती हा मान उतरवण्यासाठीच. ती वतनं गेली १९५८ सालच्या कायद्यानं. बाबासाहेबांनीच घडवलेल्या घटनेत २३ वा अनुच्छेद आहे, वेठबिगारीला बंदी घालणारा. म्हंजे मानाच्या नावाखाली फुकट राबवून घेणं काय असतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

मग जलसेवाल्याचं फुकट आणि वतनाचं फुकट यात फरक काय? मला दोन फरक दिसतात. एक, जलसेवाला स्वतः निघाला होता. त्याग ज्याचा त्यानं ठरवायचा असतो. दुसऱ्यानं परस्पर ठरवला की त्याचं नाव त्याग राहत नाही, वसुली होते. दोन, तिथं सगळेच भाकरी बांधून होते. एकाच मंडपात एकाला पाकीट आणि एकाला त्याग, असं नव्हतं. सगळे उपाशी असतील तर मीही उपाशी राहीन आणि वर गाणं म्हणीन. पण पंगत बसलीय आणि मला म्हणतात तू घरचा, तू मागनं जेव. हे घरचेपण मला नको.

आता निवडीचं बोलू. बोलवायचं कुणाला, हा प्रश्न जुना आहे. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. न्यायमूर्ती रानड्यांचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं. जोतीरावांनी पत्र लिहून नकार कळवला. जे आम्हाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभेत आमचं दुःख कसं मिसळणार, असा त्यांचा रोख होता.

१९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं. भाषण आधी वाचलं आणि मंडळ हादरलं. हे गाळा, ते बदला सुरू झालं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं आणि १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. न झालेल्या परिषदेचं ते भाषण आजही आपल्या उशाशी आहे. मंडळाला बाबासाहेबांचं नाव पाहिजे होतं, विचार नको होता.

ही खोड अजून गेली नाही. २०१९ साली यवतमाळच्या अखिल भारतीय संमेलनात उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि ऐन वेळी 'येऊ नका' कळवलं.

हे झालं दुसऱ्यांच्या मंडपाचं. त्यांच्यावर बोट ठेवणं सोपं आहे. आपला मंडप वेगळा म्हणून आपण उभारला. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं तेव्हा उद्घाटनाला कोण होतं? अण्णा भाऊ साठे. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला, गिरणीत राबलेला माणूस. डिग्री बघून बोलावणं धाडलं असतं तर अण्णा भाऊ मंडपाबाहेर उभे राहिले असते.

आज आपण कुणाला बोलावतो? कागदावर सगळ्यांना. पण खाडा भरून देत नसू तर बोलावणं कुणाला परवडतं? ज्याची रजा पगारी आहे त्याला. ऊसतोडवाली, सफाईवाला, बदली कामगार एकदा येईल, दोनदा येईल, तिसऱ्यांदा घरात पीठ नसेल तेव्हा येणार नाही. मग आपणच म्हणणार, "अरे, कामगारांतनं वक्तेच मिळत नाहीत." दोस्तहो, मानधनाची रीत हीच निवडीची रीत आहे. निवड समिती नावं नंतर काढते. पैशाचा नियम चाळणी आधीच लावून बसलेला असतो.

आणि सूत्रसंचालन? त्या दिवशी एक कॉलेजातली मुलगी सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत माइकपाशी उभी होती. आठवडाभर पाहुण्यांचे परिचय जमवून तिनं वहीत उतरवले होते. पत्रिकेवर तिचं नाव नव्हतं. रात्री ती खुर्च्या गोळा करत होती. मला म्हणाली, "दादा, तुम्ही काय बोललात ते मला ऐकायलाच मिळालं नाही. पुढच्या पाहुण्यांचा परिचय पाठ करत होते." सगळ्यांना बोलतं करणारी, आणि तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. माझे निदान दोन खाडे पडले म्हणून मी हिशोब मांडला. तिचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

कुणी म्हणेल, पैसा कुठाय? खरंय, थोडा आहे. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला २,५०० रुपये दिले तेव्हा कुठं त्या पत्राला बळ आलं. चळवळीलाही पैसा लागतोच. पण थोडा पैसा आधी कुणाला द्यायचा, यातच आपली नीती दिसते. माझं म्हणणं एवढंच: आधी खाडा आणि तिकीट भरा, ज्याचं बुडतं त्याचं. पगारी माणसाला तिकीट पुरे. ज्याला सोडायचं तो मंचावरून सोडो, तो त्याग आम्ही टाळ्या वाजवून घेऊ. सूत्रसंचालकाचं नाव पत्रिकेवर छापा आणि त्याला किंवा तिला दहा मिनटं स्वतःचं बोलू द्या. नावं कुणी काढली आणि कुणाला किती दिले, हे समारोपात वाचून दाखवा. शाल एक कमी घ्या. शालीनं थंडी जाते, खाडा जात नाही.

परवा दुसऱ्या एका गावचं बोलावणं आलं. मी आधीच विचारलं, खाड्याचं काय? विचारताना जीभ जड झाली. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. समितीत मांडतो."

अजून उत्तर आलेलं नाही. आलं नाही तरी मी जाणार, कारण मला बोलायचंय. पण या खेपेला माझी वीस मिनटं याच विषयावर जातील.

जयभीम.