आजी, हात पुढे करता का?

थोडा वेळ निवांत बसा. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा. आता एका हाताने दुसऱ्या हाताचा दंड चाचपून पाहा. 1970च्या आधीचा जन्म असेल तर तिथे किंवा कोपराच्या खाली कुठेतरी गोल वण सापडतील. देवी काढल्याच्या, म्हणजे देवीची लस टोचल्याच्या त्या खुणा. जन्म बराच नंतरचा असेल तर आईच्या नाहीतर आजीच्या हातावर त्या तुम्ही पाहिल्या असतील. तो दिवस कुणालाच आठवत नाही. पण कुणीतरी कडेवर घेऊन रांगेत उभं राहिलं होतं, रडणं थांबेपर्यंत थोपटत बसलं होतं, रात्री ताप चढला तेव्हा कपाळावर हात ठेवून जागलं होतं. तुम्हाला काही मागावं लागलं नव्हतं.

आता एका आजींना मनात आणा. सत्तरी ओलांडलेल्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, यांपैकी कुठल्याही मनोरुग्णालयातल्या स्त्रियांच्या वॉर्डात. आल्या तेव्हा केस काळे होते. भाऊ आधी दर दिवाळीला यायचा, मग एखाद्या वर्षी, मग आलाच नाही. घरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलं. या आजींच्या हातावरही तेच वण आहेत. घाई करू नका, इथे जरा थांबा. त्यांनाही कुणीतरी कडेवर घेतलं होतं.

त्यांचा दिवस डोळ्यांसमोर आणा. खाटेला लागून खाट. जेवण एकत्र, आंघोळ एकापाठोपाठ एक, नळ तोच, बाक तोच. एक खोकला संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात फिरतो. मास्क लावून दिला तर तो हनुवटीखाली जातो, मग खिडकीच्या गजाला लटकतो. वर्षानुवर्षांच्या गोळ्यांनी वजन वाढलेलं, साखर वाढलेली. कुणी क्लोझापिनवर असेल तर अंगात संसर्ग शिरताच त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, माणूस गुंगीत जातो, आणि आसपासच्यांना वाटतं, आज आजी जरा जास्तच गप्प आहेत. न्यूयॉर्कमधल्या रुग्णांचा एक अभ्यास जानेवारी 2021मध्ये प्रसिद्ध झाला. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे 2.7 पट दिसला. तपासलेल्या कारणांमध्ये याहून मोठं फक्त वय होतं. आजींच्या वाट्याला दोन्ही आलेली आहेत.

त्याच वर्षी 1 मार्चला आपल्याकडे साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं. कोविशील्डच्या कुप्या पुण्याच्या हडपसरमधून देशभर निघत होत्या. येरवडा त्याच पुण्यात. पण अंतर किलोमीटरचं नव्हतंच. नोंदणीसाठी ओळखपत्र लागत होतं, आणि ज्यांना कुणी न्यायला येत नाही त्यांची कागदपत्रं तरी कोण सांभाळणार? मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी कार्यपद्धती काढली. साधू, भटके लोक, तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातले रहिवासी, रस्त्यावर भीक मागणारे आणि मनोरुग्णालयातले रुग्ण, अशी ती यादी होती. अशा गटासाठी एक माणूस स्वतःच्या ओळखपत्रावर उभा राहणार. यादी उशिरा आली, पण आली याचं मोल मला मोठं वाटतं. त्या एका माणसाचा विचार करा. तुमच्याकडे एकही कागद उरला नाही, तर ‘हे आमचे आहेत’ असं तुमच्याबद्दल कोण सांगेल? उत्तर शोधायची गरज नाही. प्रश्न नुसता जवळ राहू द्या.

आता लसीच्या दिवशी वॉर्डात या. सिस्टर उभ्या नाहीत, खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या आहेत. ट्रे मागे ठेवलाय. ‘आजी, हात पुढे करता का? खोकल्याच्या मोठ्या आजाराची लस आहे.’ आजींनी हात पाठीमागे नेला.

या हाताकडे नीट पाहा. याला वेडेपणा म्हणण्याआधी एवढं ध्यानात घ्या, की या वॉर्डात सुई कधीकाळी वेगळ्या कारणाने यायची. चिडल्या, ओरडल्या, की चौघांनी धरायचं आणि झोपेचं इंजेक्शन द्यायचं. तो हात तेच आठवतोय. त्याची भीती अगदी शहाणी आहे.

सिस्टर पुन्हा सांगतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना आधी देतात, आजींना बघू देतात. मावशी गार पाण्याचा ग्लास आणतात. अर्धा मिली औषध, क्षणभराचं काम, आणि त्यासाठी अख्खी सकाळ जाते. उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागते, बाहेर डॉक्टर घड्याळ बघताहेत, हेही खरंच आहे. तरी धरून टोचणं सोपं आहे म्हणून ते करू नये, असं मला मनापासून वाटतं. 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांच्या निर्णयाबद्दल सांगतो की संमती शब्दांतच हवी असं नाही, खुणेने किंवा हावभावानेही देता येते. कायदा बोलतो मानसिक उपचारांबद्दल. पण दंडावरच्या सुईला वेगळा न्याय का लावायचा? मान होकारार्थी हलली तर ती संमती. आज नाही म्हणाल्या, तर कायद्यानुसार नेमलेल्या त्यांच्या प्रतिनिधीशी बोलायचं, आणि परवा पुन्हा स्टूल ओढून बसायचं.

समजा, परवा त्यांनी हात पुढे केला. अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. आजी ‘दुखतंय’ म्हणणार नाहीत. जेवणाचं ताट सरकवतील, एरवी चालायच्या त्या भिंत धरून चालतील, सुई टोचलेल्या बाजूवर झोपणार नाहीत. ताप विचारून कळणार नाही, संध्याकाळी थर्मामीटर लावूनच कळेल.

कोविडची गर्दी ओसरली, तसं हे लक्षही ओसरायला नको. फ्लूचा विषाणू बदलत राहतो, म्हणून ती लस दरवर्षी लागते. न्यूमोनियाची वेगळी. बाहेरच्या आजोबांना त्यांचा मुलगा पावसाळ्याआधी डॉक्टरांकडे नेतो. इथे तो मुलगा म्हणजे वॉर्डचं रजिस्टर.

आणि आजी इथे कायम राहतील असंही धरून चालू नका. घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत, एवढ्यावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 19 सांगतं. जुलै 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातली बाब आली होती: बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं, आणि मानसिक आरोग्य संस्थांमधल्या लोकांच्या लसीकरणाचाही आग्रह धरला. आजी उद्या एखाद्या चांगल्या निवाऱ्यात गेल्या, तर गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत लसींची नोंदही जायला हवी: कुठली दिली, कधी दिली, पुढची कधी. शिवाय एक ओळ जास्तीची, की आधी शेजारणीला द्या, त्यांना बघू द्या, मग विचारा.