मुभा सरकारची, धोका रुग्णाचा

देगलूर, मुखेड, निलंगा, अहमदपूर. यांपैकी कुठल्याही गावच्या बाजारपेठेतून चालत गेलात तर दवाखान्यांच्या पाट्यांवर बी.ए.एम.एस. ही अक्षरे हमखास दिसतात. आत काढे-चूर्ण क्वचितच असते. टेबलावर सेफ्ट्रियाक्झोनच्या कुप्या, डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोनचे अँप्युल, खिडकीच्या गजाला अडकवलेली सलाईनची बाटली. ‘डॉक्टर, सुई द्या, उद्या सोयाबीन काढायचंय’ असे पेशंटच सांगतो. सुई मिळते, तीन वेळच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळतात. चिठ्ठी मिळालीच तर तिच्यावर औषधांची नावे असतात, निदान नसते. बहुतेक वेळा ताप उतरतो आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे गाव म्हणते.

प्रश्न उभा राहतो तो सुईची रिअॅक्शन येऊन माणूस दगावतो तेव्हा. नातेवाईक वकिलाकडे जातात आणि तक्रारीचे पहिले वाक्य ठरलेले असते: हा आयुर्वेदाचा डॉक्टर, याला इंजेक्शन देण्याचा अधिकारच नव्हता. माझ्या मते तक्रार इथेच वाट चुकते. अधिकार होता की नव्हता यावर सगळी लढाई होते आणि त्या रात्री काळजी घेतली होती का, हा खरा प्रश्न मागे पडतो.

ही वाट दाखवली ती मुंबईच्या एका प्रकरणाने. जुलै १९९२ मध्ये एका तरुण गृहस्थाला ताप आला. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून त्याला अॅलोपॅथीची औषधे दिली. प्रकृती ढासळत गेली, एका नर्सिंग होममधून त्याला हिंदुजा रुग्णालयात हलवले आणि १४ जुलैला तो गेला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पत्नीची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मे १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात तीन लाखांची भरपाई दिली. जे शास्त्र शिकलात त्याबाहेर पाऊल टाकले की तेवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होतो, असे त्या निकालाचे सार आहे.

महाराष्ट्रातल्या आयुर्वेद पदवीधरांना मात्र हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. राज्य शासनाने २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने ठरावीक अनुसूचीतल्या पदवीधरांना आधुनिक वैद्यकाची मुभा दिली होती, ‘त्यांना मिळालेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत’. राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर अशा डॉक्टरांना आधुनिक औषधे वापरता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सांगितले. त्यापाठोपाठ फेब्रुवारी १९९९ मध्ये राज्याने औषध नियमांखालीही तसा आदेश काढला. त्यामुळे मुखेडच्या डॉक्टरांचे वकील शासनाचा कागद पुढे ठेवतात आणि ‘अधिकारच नव्हता’ या एकाच खांबावर उभी असलेली तक्रार कोसळते.

पण ही प्रशिक्षणाची मर्यादा कुठे संपते? पॅरासिटामॉलवर? सेफ्ट्रियाक्झोनवर? दोन महिने रोज दिलेल्या स्टेरॉइडवर? त्या अधिसूचनेला औषधांची यादी जोडलेली नाही, आजारांचीही नाही. सुईआधी काय विचारायचे, अॅड्रेनालिन हाताशी ठेवायचे की नाही, रुग्ण केव्हा वरच्या रुग्णालयात धाडायचा, यांतले काहीही नाही. दवाखाना चालवणाऱ्याने स्वतःच रेघ ओढायची आणि ती चुकली की चूक कुठे झाली हे माणूस मेल्यावर ठरवायचे. इतकी महत्त्वाची परवानगी इतक्या ढिलेपणाने देणे हाच मला पहिला निष्काळजीपणा वाटतो. तो शासनाचा आहे.

याच डॉक्टरांवर शासन रोज विसंबून असते. १०८ च्या रुग्णवाहिकेत बहुतेक वेळा बी.ए.एम.एस. डॉक्टरच असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ते आहेत. नांदेड-लातूरच्या खासगी रुग्णालयांत आयसीयूची रात्रपाळी सांभाळणारे आरएमओ पुष्कळदा हेच, आणि मोठे डॉक्टर फोनवर. लातूरला तर या गोष्टीची आणखी एक बाजू आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या क्लासेसमध्ये हजारो मुले एमबीबीएसचे स्वप्न घेऊन नीटला बसतात. गुण थोडे कमी पडले की त्याच नीटच्या यादीतून आयुर्वेदाला प्रवेश घेतात. चरक-सुश्रुत वाचायला आलेली मुले त्यांच्यात असतात, पण थोडी. बाकीच्यांनी पहिल्या दिवसापासून अॅलोपॅथीची प्रॅक्टिसच डोळ्यांपुढे ठेवलेली असते, आणि ती शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतलेली नसते. मग ते शिकतात कुठे? एखाद्या सिनिअरच्या दवाखान्यात, बघून बघून.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्याने २०१४ मध्ये कायदे बदलून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांच्या नोंदणीचा आदेश निघाला तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने संप केला. दोन्ही बाजू हक्कावर भांडल्या. रुग्ण दगावला तर कोणत्या कसोटीवर मोजायचे, यावर दोघांपैकी कोणी फारसे बोलले नाही.

माझी कसोटी सरळ आहे: औषध ज्या शास्त्राचे, मोजमापही त्याच शास्त्राचे. सेफ्ट्रियाक्झोन देणाऱ्याची पदवी कोणतीही असो, ते देणाऱ्या जाणत्या डॉक्टराकडून जी काळजी अपेक्षित आहे तीच त्याच्याकडून अपेक्षित धरावी. शासनाची मुभा ही ढाल होऊ नये आणि वेगळी पदवी हा आपोआप गुन्हाही होऊ नये. यात डॉक्टरांचेही हित आहे, कारण आजचा कायदा त्यांच्या बाबतीत न्याय्य नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत डॉक्टरांना सवलत म्हणून ती दोन वर्षांपर्यंतच आहे, पण तिथे नोंदणीकृत म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली पात्र असलेलेच. म्हणजे राज्याने ज्याच्या हाती सिरिंज दिली, त्याच आयुर्वेदाच्या डॉक्टरला त्याच चुकीसाठी अडीचपट शिक्षा होऊ शकते.

रात्रपाळीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. अॅलोपॅथीचे रुग्ण त्या शाखेची पदवी नसलेल्यांवर सोपवणे ही रुग्णालयाच्या सेवेतली त्रुटी आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००७ मध्येच म्हटले आहे. तरीही नातेवाइकांचा राग पंचवीस-तिशीतल्या आरएमओवर निघतो आणि कमी पगारात त्याला तिथे बसवणारे मालक बाजूला राहतात. दाव्यात पहिले नाव मालकाचे असले पाहिजे.

आणि कागद. ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करावी लागते. उघड चुकीला तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव खटल्यात सांगितले. पण चूक उघड दिसायला काहीतरी लिहिलेले तर हवे! पुडीवर ना नाव असते, ना डोस. बैल विकून मृत्यूनंतर लढायला निघालेल्या कुटुंबाच्या हाती रिकामी पाकिटे असतात. डॉक्टरने खरोखर अॅलर्जी विचारली असेल, खरोखर नांदेडला न्या म्हटले असेल, तर त्याच्याकडेही पुरावा नसतो. म्हणून निदान, औषध, मात्रा, वेळ आणि दिलेला सल्ला, एवढे लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक रुग्णाला देणे व तिची प्रत दवाखान्यात ठेवणे सक्तीचे करावे, आणि मुभेला जोडायची औषधांची यादी शासनाने पुढच्या तुकडीची नोंदणी करण्याआधी प्रसिद्ध करावी.