तिसरं चाक

बीडकडचं एक जोडपं दर दिवाळीनंतर वाळवा तालुक्यात ऊसतोडीला यायचं. टायरगाडी, दोन बैल आणि एक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. हिशोबाच्या वहीत तिचं वेगळं नाव नसतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती फिटली नाही, तर बाकी पुढल्या वर्षाच्या मानगुटीवर.

2022 साली इस्लामपूरजवळ राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी दोन बैलांच्या मधोमध, जुवापाशी बसणारं एक छोटं चाक तयार केलं होतं. नाव ठेवलं ‘सारथी’. दोन चाकांची गाडी म्हणजे तराजूच. भार मागं गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून गाडीवान मोळ्या जरा पुढं रचतो. मग तो भार दिवसभर खांद्यावर. हे चाक खांद्यावरचं ओझं जमिनीला देतं. ओढायचं वजन मात्र तेवढंच राहतं.

बीडच्या त्या गाडीवानानं मोबाइलवर त्याचा फोटो पाहिला आणि वेल्डिंगवाल्याकडून तसलंच एक करून घेतलं. आठवडाभर बैल मान वर करून चालले. खांद्यावरची जुनी जखम खपली धरू लागली. बायकोनं चाकालाही हळदकुंकू वाहिलं.

मग त्याच्या मनात आलं, खांदा मोकळा झालाय तर मोळ्यांचा एक थर वाढवायला काय हरकत? मजुरी टनावर. काट्यावरची पावती वाढली. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक थर. त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. उचलीचा आकडा आपल्या डोक्यावर नसतो.

कारखान्याच्या तळावर एक दिवस जनावरांच्या डॉक्टरांचं शिबिर लागलं. सांगली-सोलापूर भागात ॲनिमल राहतसारखी संस्था वर्षानुवर्षं हे काम करते, त्यामुळे गाडीवानांना त्याचं नवल नव्हतं. डॉक्टरांनी खांदा चाचपला. “सुकलंय की.” मग ते खाली बसले, पुढच्या पायावरून हात फिरवला. थोरल्या बैलानं पाय आखडून घेतला.

“खांद्यावरचं गुडघ्यात उतरलंय,” ते म्हणाले.

त्यांनी ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांचीही आठवण करून दिली. दिवसाला नऊ तासांवर काम नको, सलग पाच तासांवर नको, पारा 37 अंशांच्या वर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. गाडीवान हसला. “नऊ तास तर काट्याच्या रांगेतच जातात, डॉक्टरसाहेब.” हे खोटं नव्हतं. गाडी रांगेत उभी, आणि बैल जुवाखाली उभे.

त्या संध्याकाळी खोपटीपुढं बायकोनं हळद-लोणी घेतलं आणि बैलांचे खांदे मळायला बसली. खांदेमळण पोळ्याच्या आदल्या दिवशीची. ही भर पौषात. खांदेमळणीला बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. तिनं ते दिलं नाही. कुठल्या तोंडानं देणार?

मळून झाल्यावर तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि गाडीच्या चारी खुंटांना एकाच उंचीवर बांधला.

“ह्याच्या वर मोळी चढायची न्हाई.”

“आन् उचल? ती कोन फेडनार?”

“ऱ्हायली तर पुढल्या साली फेडू. बैल बसला तर नव्या जोडीसाठी दुसरी उचल घ्याल. मंग दोन फेडायच्या.” जरा थांबून ती म्हणाली, “आवं, फडातून गाडीपातुर मोळी माज्या डोक्यावर येती. थर वाढला तवा माजी खेप बी वाढली. मला कुटं चाक बशीवलंय?”

तो काही बोलला नाही. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या मानेकडं कधी पाहिलं नव्हतं. आत्ताही पाहिलं नाही, चिलीम शोधत राहिला.

सकाळी मात्र मोळ्या काठापाशी थांबल्या. काट्यावर वजन कमी भरलं. मागच्या गाडीवाल्यानं विचारलं, “का रं, आज फड हलका व्हता?” त्यानं पावती घडी करून टोपीत खोचली.

रात्री पुन्हा तीच लांब रांग. त्यानं खाली उतरून शिवळा काढल्या. तिसऱ्या चाकावर गाडी आपली आपण उभी राहिली. एवढे दिवस ते चाक होतं, पण हे त्याला सुचलं नव्हतं. बैल बाजूला गेले. थोरला आधी गुडघे टेकून सावकाश बसला. बायकोनं दोघांपुढं वाढ्यांची पेंढी टाकली आणि ती चाकाला टेकली.

थोड्या वेळानं मागून आरोळी आली, “ए, गाडी घे पुढं!”

तो उठला, बैल उठवले, जुंपले, गाडी चार हात पुढं नेली. आणि पुन्हा सोडले.