मृतांसाठीं आम्हीं काय करावें?

(वाचावयाचा शास्त्रभाग : १ थेस्सल. ४:१३-१८)



खानदेशांत आखाजीचा सण आला म्हणजे सासरीं नांदणाऱ्या लेकी माहेरीं येतात, निंबाच्या झाडांस झोके बांधिले जातात, आणि घरोघर पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरिली जाते. ज्यांच्या आईबापांनीं व आजे-पणजांनीं ही घागर भरिली, असे पुष्कळ जण आज आपल्या मंडळ्यांत आहेत. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीं ती भरण्याचें सोडिलें. परंतु घागर सुटली म्हणून माया सुटत नाहीं. मग एखादी वृद्ध आई उपदेशकास विचारिते, "बाबा, तुम्हीं आमची घागर बंद केली. भुसावळचे रोमन कॅथॉलिक लोकहि ख्रिस्तीच ना? ते तर २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावितात, आपल्या मृतांसाठीं मिस्सा करवितात. मग आम्हीं आमच्या माणसांसाठीं कांहींच करूं नये काय?"

हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं, आणि रागें भरून उडवून देण्यासारखाहि नाहीं. तो प्रेमांतून निघाला आहे, म्हणून त्याचें उत्तरहि प्रेमानें व सत्यानें दिलें पाहिजे.

प्रथम कॅथॉलिक मंडळी काय शिकविते तें नीट समजून घेऊं. जळगांव व धुळें हे दोन्ही जिल्हे १९८७ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या कॅथॉलिक धर्मप्रांतांत मोडतात, व तेथील कॅथॉलिक आपले शेजारी आहेत. खोट्या साक्षीविषयींची आज्ञा शेजाऱ्याच्या धर्ममतासहि लागू आहे. त्यांच्या शिकवणीप्रमाणें देवाच्या कृपेंत मरणारा, परंतु पूर्णपणें शुद्ध न झालेला मनुष्य स्वर्गांत जाण्यापूर्वीं शुद्धीच्या एका अवस्थेंतून जातो. तिला ते पर्गेटरी म्हणतात. ही अवस्था नरक नव्हे, आणि पश्चात्तापाची दुसरी संधिहि नव्हे. तींतील प्रत्येकाचें तारण निश्चित झालेलें असतें. जिवंतांच्या प्रार्थनांनीं, व विशेषतः मिस्सेनें, त्यांस साहाय्य होतें असें ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं ठरविलें. यास ते मक्काबी यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायाचा आधार देतात. तेथें यहूदा मक्काबी लढाईंत पडलेल्या आपल्या लोकांसाठीं पापार्पण व्हावें म्हणून यरुशलेमेस पैसे पाठवितो. हें पुस्तक आपल्या पवित्र शास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं. कारण यहुद्यांच्या इब्री शास्त्रसंग्रहांत तें नाहीं, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं तोच संग्रह जुना करार म्हणून स्वीकारिला आहे.

या शिकवणीच्या आडून एके काळीं मोठा अनाचार माजला. पैसे घेऊन पापदंडमुक्तीचीं पत्रें विकलीं जाऊं लागलीं, तेव्हां १५१७ सालीं मार्टिन लूथर यानें ९५ कलमें लिहून त्यास विरोध केला. परंतु पुढची गोष्टहि सांगितली पाहिजे. १५६७ सालीं पोप पाचवा पायस यानें पैशावर अवलंबून असलेल्या अशा क्षमा रद्द केल्या. आणि १९९९ सालीं ३१ ऑक्टोबर रोजीं लूथरन व कॅथॉलिक यांनीं आउग्सबुर्ग येथें मिळून जाहीर केलें कीं, मनुष्य आपल्या पुण्यानें नव्हे, तर केवळ कृपेनें, ख्रिस्तावरील विश्वासांत देवास मान्य होतो. म्हणून आजच्या शेजाऱ्याच्या माथीं त्या जुन्या विक्रेत्यांचा दोष मारणें न्यायाचें नाहीं.

मग मतभेद कोठें राहिला? तो येथें राहिला. वधस्तंभावरील चोराजवळ दानधर्म करण्यास, किंवा चोरलेलें परत करण्यासहि वेळ उरला नव्हता; तरी त्याच दिवशीं तो आपल्याबरोबर सुखलोकांत असेल असें प्रभूनें त्यास वचन दिलें (लूक २३:४३). देह सोडून जाणें म्हणजे प्रभूजवळ राहणें, असें पौल मानितो (२ करिंथ. ५:८). इब्री लोकांस लिहिलेलें पत्र सांगतें कीं ख्रिस्तानें एकाच अर्पणानें आपल्या लोकांस सर्वकाळचें पूर्ण केलें आहे (१०:१४). मनुष्य अग्नींतून वांचतो, हा १ करिंथ. ३:१२-१५ येथील उल्लेख कॅथॉलिक पुढें करितात. परंतु आमच्या समजुतीप्रमाणें तेथें पौल सेवकांच्या बांधकामाविषयीं बोलत आहे : कोणी सोन्यानें बांधिलें, कोणी गवतानें व पेंढ्यानें. उपदेशक बंधूंनो, हें वचन मृतांच्या कबरींपेक्षां आपल्याच दारापाशीं अधिक जवळ उभें आहे. ज्यानें उन्हाळ्यांत गवती छपरास लागलेली आग पाहिली आहे, त्यास याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

अशुद्ध असें कांहीं स्वर्गांत जाणार नाहीं, हें आम्हीहि मानितों (प्रकटी. २१:२७). पोप सोळावा बेनेडिक्ट यानें २००७ सालच्या आपल्या पत्रांत कांहीं धर्मपंडितांचें असें मत सांगितलें कीं, जाळणारा व तारणारा तो अग्नि स्वतः ख्रिस्तच होय, आणि त्याच्या भेटीचा काळ या जगाच्या मापानें मोजतां येत नाहीं. येथें आपण एकमेकांच्या पुष्कळ जवळ येतों. त्यास पाहूं तेव्हां आपण त्याच्यासारखे होऊं, असें योहानहि म्हणतो (१ योहान ३:२). मात्र त्या शुद्धीस मागें राहिलेल्यांच्या कोणत्याहि कृत्याची भर लागत नाहीं, असा आमचा विश्वास आहे. तें काम ज्यानें आरंभिलें तोच पुरें करितो.

तर मग त्या आईस काय सांगावें? 'कांहींच करूं नको' असें सांगूं नका. तिला सांगा कीं घागरीचें पाणी पितरांस पोंचत नाहीं; पण तेंच पाणी वैशाखाच्या उन्हांत तहानेल्या वाटसरूस पाजिलें तर तें प्रभूस पोंचतें (मत्तय २५:३५). आपल्या माणसाची कबर झाडून स्वच्छ ठेवावी. त्याच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानावे. त्याचें राहिलेलें देणें फेडावें, त्याच्या भावाशीं चाललेला बांधाचा तंटा मिटवावा. लोक काय म्हणतील या भीतीनें जेवणावळीसाठीं सावकारापुढें हात पसरूं नये. आणि रडूं आलें तर रडावें. लाजाराला आपण उठविणार हें ठाऊक असतांहि प्रभु त्याच्या कबरेकडे जातांना रडला. पौलानें आशाहीनांसारखा शोक करूं नका असें लिहिलें; शोकच करूं नका असें लिहिलें नाहीं.

परंतु त्या आईचा खरा प्रश्न पुष्कळदां याच्याहि आंत असतो. "माझा बाप ख्रिस्ताचें नांव न ऐकतां गेला. तो कोठें आहे?" हें ऐकून उपदेशकानें न्यायासनावर चढून बसूं नये. ज्यांस स्वतःच्या दोषावांचून सुवार्ता कळली नाहीं, पण जे खऱ्या मनानें देवास शोधितात, त्यांचें तारण होऊं शकतें, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें १९६४ सालीं म्हटलें. आम्हां प्रॉटेस्टंटांमध्यें याविषयीं एकमत नाहीं. तथापि अब्राहामानें सदोमासाठीं विनवितांना जें घट्ट धरिलें, तें आपणां सर्वांस धरितां येतें : सर्व जगाचा न्यायाधीश अन्याय करणार नाहीं (उत्पत्ति १८:२५). त्या बापाच्या मनांत काय होतें तें लेकीस पुरतें ठाऊक नाहीं, उपदेशकास तर मुळींच नाहीं. देवास ठाऊक आहे. ज्या हातांस खिळे ठोकिले गेले त्याच हातांत न्याय सोंपविलेला आहे. त्या हातांत आपल्या बापास ठेवून तिनें घरीं जावें.

आणि जे ख्रिस्ताठायीं निजले त्यांच्याविषयीं तर आम्हांस शंका नाहीं. आखाजीला लेक माहेरीं येते, आईच्या गळ्यांत पडते, झोक्यावर बसते. पण सण सरला कीं डोळे पुसत तिला परत सासरची वाट धरावी लागते. जें माहेर प्रभूनें आपल्यासाठीं तयार केलें आहे तेथून परत पाठवणी नाहीं. तेथें डोळे पुसणारा स्वतः देवच आहे. या वचनांनीं एकमेकांचें सांत्वन करा. आमेन.